दिसेल तेच बोलायचं

३ फेब्रुवारी

दादा,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण सव्वाशे किलोच्या माणसाने साष्टांग घातला तर त्याला उठवणार कोण? म्हणून साधाच नमस्कार.

हे पत्र फाडू नकोस. फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू फोन वहिनींच्या हातात देतोस. वहिनीच म्हणाल्या, "पत्र लिहा भावजी. दोन दिवस टेबलावर ठेवतील, तिसऱ्या दिवशी वाचतील." तेव्हा तिसऱ्या दिवशीच्या दादाशी मी बोलतो आहे. पहिल्या दोन दिवसांच्या दादाने खुशाल रागवावं, नऊ वर्षांत त्याला सवय झालीच आहे.

त्या डायलिसिसच्या काट्याबद्दल मला काहीही लिहायचं नाही. ते प्रकरण बाजूला ठेव.

वहिनींकडून कळलं की अठरा मार्चला तुझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे आणि पाठीच्या जुन्या दुखण्यामुळे पूर्ण भूल देणार आहेत. हेही कळलं की तुला जेवता जेवता डोळा लागतो, साखरेच्या गोळ्या दोनाच्या तीन झाल्या, आणि तू घोरतोस तेव्हा वहिनी हॉलमध्ये येऊन झोपतात. मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. अठराच्या आधी एका रात्रीची झोपेची तपासणी करून घे. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजच सांग की झोपेत तुझा श्वास अडकतो.

तू म्हणशील, या पावशेराला काय कळतंय? (मी जन्मलो तेव्हा तुझ्या एका तळहातावर मावलो म्हणून हे नाव तू ठेवलंस. आता तुझ्या दोन्ही हातांत माझा एक दंड मावणार नाही, पण नाव काही सुटलं नाही.) कसं कळलं ते सांगतो.

गेल्या सप्टेंबरात सकाळी अकरा वाजता, चहा पिऊन दहा मिनिटंही झाली नव्हती, मी वर्कशॉपच्या टेबलाशी उभा राहून झोपलो. उभा राहून, दादा. हातात पाच किलोचं तपासणीचं वजन होतं. ते सरळ खाली आलं, डाव्या पायाच्या अंगठ्यावर. बाबांनी काटे दुरुस्तीचं दुकान काढल्यापासून इतक्या अचूकपणे कुठलंच वजन कुठे ठेवलं गेलं नसेल.

हाडांच्या डॉक्टर बाई होत्या. एक्स-रे दिव्यावर धरून त्यांनी विचारलं, "वजन पडलं तेव्हा कुठे बघत होतात?"

"कुठेच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे डोळे मिटलेले होते."

त्यांनी पायाला प्लास्टर घातलं. प्लास्टर वाळेपर्यंत बसा म्हणाल्या, आणि मी बसल्या बसल्या पुन्हा झोपलो. जाग आली तेव्हा बाई हातातल्या घड्याळाकडे बघत माझ्यासमोर उभ्या होत्या. "अठ्ठावीस सेकंद," त्या म्हणाल्या. "अठ्ठावीस सेकंद तुम्ही श्वासच घेतला नाहीत. अंगठा काय, महिना-दीड महिन्यात जुळेल. आधी हे बघा."

असा मी पायाचं बोट घेऊन गेलो आणि गळ्याचा आजार घेऊन घरी आलो. पुढचं पुढच्या पत्रात, कारण हे वाचायलाच तू तीन दिवस लावणार आहेस.

तुझा,
पावशेर


११ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलं नाही, पण पत्र परतही आलं नाही. मी याला चांगली खूण मानतो.

आता तपासणीचं ऐक. हॉस्पिटलात गेल्या गेल्या त्यांनी मला काट्यावर चढायला सांगितलं. तुला माहीतच आहे, आपल्या दुकानात तीनशे किलोपर्यंतचे काटे आले आणि गेले, पण त्यावर ना बाबा कधी चढले, ना तू, ना मी. मी चढलो आणि लगेच उतरलो. म्हटलं, "ताई, तुमचा काटा चारशे ग्रॅम जास्त दाखवतो." टेक्निशियन ताई म्हणाली, "सगळे हेच म्हणतात, काका." मग मी माझ्या पिशवीतलं दोन किलोचं वजन काढून ठेवलं. काट्याने दोन किलो चारशे दाखवलं. त्यानंतर ती माझ्याशी जरा आदराने वागली. मी एकशे एकतीसच निघालो, ते वेगळं.

डोक्याला, छातीला, बोटाला तारा लावून मला झोपवलं. कसली झोप येते म्हणत होतो, तोवर लागलीसुद्धा. सकाळी ताई हसत होती. म्हणाली, "काका, रात्री मी फोनवर डॉक्टरांना तुमचे आकडे सांगत होते. ऑक्सिजन ब्याण्णव म्हटलं की तुम्ही झोपेत म्हणायचात, ब्याण्णव, घेतले. ऐंशी म्हटलं की ऐंशी, घेतले. घेतले म्हणजे काय हो?"

मी तिला बाबांची पद्धत समजावून सांगितली. एकाने वजन ठेवायचं आणि आकडा मोठ्याने बोलायचा. दुसऱ्याने काट्यावर बघायचं, जे दिसेल ते परत बोलायचं आणि वहीत लिहायचं. 'वीस.' 'वीस, घेतले.' "चाळीस वर्षं हेच चाललंय," मी म्हटलं, "तोंडाची सवय कुठे जाते?" दोघंही हसलो. मी तर फार हसलो.

मग झोपेच्या डॉक्टरांनी रात्रीचा आलेख पडद्यावर लावला. दादा, तिथून माझं हसणं गेलं.

माझी अख्खी रात्र तिथे समोर होती. श्वासाची लाट वर जाते, खाली येते, मग बारीक होते आणि सपाट. दहा सेकंद, वीस, चाळीस. खालची ऑक्सिजनची रेघ पायऱ्या उतरावी तशी उतरते, एकदा तर एकाहत्तरपर्यंत. आणि मग वरच्या मेंदूच्या रेघेत एकदम खळबळ, आणि श्वास परत. तासाला त्रेसष्ट वेळा. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "झोपेत तुमचा घसा मिटतो. गळ्याभोवतीची चरबी आणि सैल पडलेले स्नायू मिळून वाट बंद करतात. मग मेंदू तुम्हाला क्षणभर जागं करतो, वाट उघडतो आणि पुन्हा झोपवतो. तुम्हाला पत्ताही लागत नाही. याला स्लीप ॲप्निया म्हणतात."

मी हिशेब मांडला. सात तासांत चारशेच्या वर वेळा. एका रात्रीत. मला मरू द्यायचं नाही म्हणून चारशे वेळा कोणीतरी उठून मला हलवलं, आणि तो मीच होतो. आणि सकाळी उठून मी त्यालाच आळशी म्हणायचो. मला त्या पडद्यासमोर हात जोडावेसे वाटले. जोडलेही, डॉक्टर बघत असताना.

साखरेचंही तिथेच कळलं. आमच्या हिला वाटायचं मी चोरून खातो, कारण रात्री मोजलेली साखर सकाळी काहीही न खाता वाढलेली असायची. तिने बिस्किटांच्या डब्यावर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "प्रत्येक वेळी श्वास अडकला की शरीराला वाटतं संकट आलं. ते पळायची तयारी करतं, म्हणजे रक्तदाब वाढवतं, यकृतातली साखर रक्तात सोडतं. तुम्ही पलंगावर पडलेले असता आणि शरीर रात्रभर पळत असतं. आणि झोप पुरत नाही म्हणून दिवसा भूक जास्त, वजन वाढतं, आणि वजन वाढलं की घसा आणखी मिटतो." मी घरी येऊन हिला डबा उघडून दाखवला आणि म्हटलं, "माझं यकृत चोर आहे, मी नाही." ती डोळे पुसत राहिली. मला कळेना, आनंदाने की लाजेने.

तुझ्या तीन गोळ्यांचं गणित आता परत मांडून बघ.

त्यांनी मला सीपॅप नावाचं यंत्र दिलं. एक डबी, एक नळी, नाकावर मुखवटा. त्यात औषध नाही, ऑक्सिजनही नाही. खोलीतलीच हवा, जरा दाबून घशात सोडतात, म्हणजे वाट मिटत नाही. मी दाब किती ते विचारलं. तू असतास तर तूही हेच विचारलं असतंस. अकरा सेंटीमीटर पाण्याचा. म्हणजे आपल्या दुकानातल्या स्टीलच्या पेल्यात भरलेलं पाणी पेल्याच्या तळाला जेवढं दाबतं ना, तेवढाच. तेवढ्यावर एकशे एकतीस किलोचा माणूस रात्रभर जिवंत राहतो. आयुष्यभर मी वजनं हाताळली, पण इतक्या थोड्या भाराने इतकं मोठं काम झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी घरी येऊन पेला भरला आणि कितीतरी वेळ नुसता बघत बसलो.

पहिल्या रात्री ही घाबरून उठली आणि तिने मुखवटाच ओढून काढला. सतरा वर्षं घोरणं ऐकून झोपलेली बाई. खोलीत शांतता पसरली तेव्हा तिला वाटलं, मी गेलो. मी म्हटलं, "अगं, जिवंत आहे!" ती म्हणाली, "मग आवाज करा ना!"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला स्वप्न आठवत होतं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. तू आणि मी काहीतरी वजनदार उचलत होतो. काय ते आठवत नाही.

तपासणी कर, दादा.

पावशेर


१९ फेब्रुवारी

दादा,

वहिनींनी तुझा निरोप कळवला. "गुडघ्याचं ऑपरेशन आहे, नाकाचं नाही." वा! बाबा असते तर पाठ थोपटली असती, तेही असंच उडवून लावायचे.

मी चिडलो आहे. खरंच चिडलो आहे. भूल दिली की घशाचे स्नायू झोपेपेक्षाही सैल पडतात, आणि आपल्याला हलवून जागं करणारा तो जो आत बसला आहे, त्यालाही भूल मिळते. डॉक्टरांना आधी माहीत असेल तर ते तयारीत राहतात, नसेल तर नाही. एवढीच गोष्ट आहे. एका वाक्यात सांगता येते. तुला ते एक वाक्य त्यांना सांगायला काय होतं?

हे यंत्र जादू नाही, तेही सांगतो, नाहीतर म्हणशील पावशेर भुलला. पहिल्या महिन्यात माझं वजन सातशे ग्रॅमने वाढलं. मी डॉक्टरांकडे तक्रार घेऊन गेलो, तर ते म्हणाले, "यंत्र श्वास देतं. वजन कमी करत नाही. ते काम वेगळं करावं लागतं, आणि दोन्ही मिळून केली तर फायदा जास्त." मग आहार ठरवून दिला. आणि दुपारी झोप येईनाशी झाली, तेव्हा त्या वेळेचं करायचं काय म्हणून मी चालायला लागलो. आता सव्वाशेवर आलो आहे. तीन महिन्यांची साखर आठ पूर्णांक चारवरून साडेसातवर आली, रक्तदाबाची एक गोळी सुटली. मी विचारलं, यात यंत्राचा वाटा किती आणि चालण्याचा किती? ते म्हणाले, सांगता येत नाही, आणि साखर सगळ्यांचीच उतरते असंही नाही. मला हे उत्तर आवडलं. दोन वस्तू एकत्र काट्यावर ठेवल्या तर एकेकीचं वजन कोण सांगणार?

पण आज मी तुला वेगळंच सांगायला बसलो आहे.

डॉक्टरांनी विचारलं होतं की हे किती वर्षांपासून आहे. मला सांगता येईना. काल माळ्यावरून जुन्या तपासणीच्या वह्या काढल्या, कुठे काही आठवतंय का बघायला. आणि दिसलं. माझ्या अक्षरात आकडे नीट चालले आहेत, चाळीस, पन्नास, आणि एखाद्या आकड्याच्या शेपटीपासून पेनाची रेघ खाली घसरत जाते, दोन-तीन ओळी ओलांडून. मग थांबते. पुढचा आकडा पुन्हा नीट. सुरुवातीच्या वह्यांत अशा रेघा दोन-चार. नंतर पानागणिक. मी त्या पडद्यावर पाहिलेला आलेख तो हाच. मला डॉक्टरांनी दाखवायची गरजच नव्हती, मी स्वतःच तो लिहीत आलो होतो.

मग मी तुझ्या अक्षरातल्या वह्या काढल्या. तुझ्याही रेघा आहेत, दादा. तुझ्या जरा डावीकडे वळतात.

मग बाबांच्या.

मला हात लावायचं धाडस होत नव्हतं. निळी शाई, ते टपोरे आकडे. आणि त्यातून घसरत गेलेली तीच रेघ. एका पानावर तर रेघ थेट कागदाच्या कडेपर्यंत जाऊन बाहेर गेली आहे. मी ते पान मांडीवर घेऊन बसलो आणि रडलो. ते आडवं झोपू शकायचे नाहीत म्हणून खुर्चीत झोपायचे, आपण त्याला त्यांची लहर समजायचो. बावन्नाव्या वर्षी त्याच खुर्चीत गेले तेव्हा सगळे म्हणाले, किती शांत मरण! शांत कसलं?

एक गोष्ट तुला आठवते का बघ. तू नऊ-दहा वर्षांचा होतास. आईने तुझं अंथरूण बाबांच्या खुर्चीपाशी घातलं होतं. घोरणं थांबलं की तू पायाने खुर्चीला धक्का द्यायचास आणि ते परत सुरू व्हायचं. मला वाटायचं, हा खेळ आहे. कितीतरी वर्षं तू तो श्वास चालू ठेवलास. त्या आजाराचं नाव कोणाला माहीत नव्हतं तेव्हा आपल्या घरात त्यावरचा उपाय होता, आणि तो तू होतास.

ऑपरेशनच्या टेबलावर तुझ्या खुर्चीला कोण धक्का देणार?

पावशेर


२४ फेब्रुवारी

दादा,

सोबत एक पान पाठवतो आहे. आधी ते बघ, मग पुढे वाच.

ते त्या डायलिसिस विभागातल्या काट्याचं पान आहे. मी पहिल्या पत्रात म्हटलं होतं की त्याबद्दल काही लिहायचं नाही. दुसऱ्या पत्रात हसत हसत त्याच्या अगदी जवळ जाऊन परत फिरलो, तुझ्या लक्षात आलं असेल.

तो काटा साठ किलोवर एकसष्ट दाखवत होता आणि वहीत साठ लिहिलं गेलं. महिनाभर तिथल्या पेशंटांचं वजन किलोभर जास्त दिसत राहिलं, आणि दिसलेल्या वजनावर अंगातलं पाणी काढायचं ठरतं. त्या निवृत्त शिक्षिकेच्या अंगातलं पाणी गरजेपेक्षा जास्त काढलं गेलं, रक्तदाब कोसळला, दोन दिवस आयसीयूत होत्या. वाचल्या, पण कोणाच्या मेहेरबानीने ते मला अजून माहीत नाही. चौकशी झाली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "ते मोठे बंधू बाकावर तोंड उघडं टाकून झोपले होते, आम्ही सगळ्यांनी पाहिलं." सगळे तुझ्याकडे वळले. मग मला विचारलं, वाचत कोण होतं?

मी म्हटलं, दादा.

तुला गुडघ्यामुळे वाकवत नव्हतं म्हणून त्या दिवशी आपण सुरुवातीलाच जागा बदलल्या होत्या. पन्नासपर्यंत मी ठेवत होतो आणि तू वाचत होतास, हे खरं. पण पन्नासनंतर तू म्हणालास, "आता तू वाच, मला डोळे उघडे ठेवता येत नाहीत." वाकायला लागलं तरी चालेल म्हणालास. तू गुडघा धरून वाकलास, वजन ठेवलंस आणि बोललास, "साठ." बोललेलं बरोबरच होतं. साठच ठेवले होतेस. वाचत मी होतो.

पान बघ. पन्नासपर्यंत तुझं अक्षर आहे. साठ माझ्या अक्षरात आहे, आणि त्या साठच्या शून्यातून रेघ खाली घसरली आहे.

हे पान नऊ वर्षं माझ्याजवळ होतं. तू वही मागितली नाहीस, मी दाखवली नाही. तू चौकशीत उभा होतास आणि म्हणालास, "असेल, झोप लागली असेल मला." तुझा चेहरा मला अजून दिसतो. तुला स्वतःचीच खात्री नव्हती. ज्या माणसाला दिवसातून दहा वेळा झोप लागते, त्याला कोणत्या मिनिटाला आपण जागे होतो ते आठवत नाही, आणि मी त्याचाच फायदा घेतला. तुझ्या आजाराच्या आड लपलो. वर घरी येऊन तुला आळशी, बेजबाबदार म्हणालो, आईच्या फोटोसमोर. तू दुसऱ्या दिवशी सामान बांधलंस.

वाचणारा मी होतो हे मला पहिल्यापासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की समोर एकसष्ट दिसत असताना मी साठ कसं म्हणालो? माझ्या मनाची समजूत मी अशी घातली होती की तूच वजन चुकीचं ठेवलं असशील. मग त्या टेक्निशियन ताईने सांगितलं की मी झोपेत 'घेतले' म्हणतो. मी काट्याकडे बघतच नव्हतो, दादा. डोळे मिटलेले होते आणि कान उघडे होते. तू जे बोललास ते मी परत बोललो. बाबांचा एकच नियम होता, ऐकलेलं नाही, दिसेल तेच बोलायचं. तो मी एकदा झोपेत मोडला. चौकशीत मोडला तेव्हा मात्र टक्क जागा होतो. झोपेतल्या चुकीला डॉक्टर आहेत. दुसरीचं माझं मीच बघायला हवं.

काल त्या हॉस्पिटलात गेलो. सिस्टर आता हेड सिस्टर झाल्या आहेत. त्यांना पान दाखवलं, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नऊ वर्षांनी?" मी हो म्हटलं. त्यांनी त्यांच्या फाइलीत तसं लिहून घेतलं, माझी सही घेतली आणि म्हणाल्या, "भावाला सांगितलंत का?" म्हणून हे पत्र.

माफ कर असं मी लिहीत नाही. ते तुझं तू ठरव, वेळ घे, नाही केलंस तरी मला बोलायला तोंड नाही. पण राग माझ्यावर काढ, स्वतःच्या श्वासावर काढू नकोस. तू आळशी नव्हतास. तू कधीच आळशी नव्हतास. तासातासाला साठ-साठ वेळा मरणाच्या दारातून परत येऊन तू सकाळी सातला दुकान उघडत होतास. मला त्याचं नवल वाटून वाटून संपत नाही.

अठराला बावीस दिवस राहिले.

पावशेर


२ मार्च

दादा,

सहा दिवस झाले. वहिनी म्हणाल्या, पत्र तू टेबलावर ठेवलंच नाहीस, दारातच उभ्या उभ्या वाचलंस. मग ते पान घेऊन गच्चीत गेलास आणि जेवायला खाली आला नाहीस. त्यापुढे त्या काही सांगत नाहीत. "तुमचं तुम्ही बघा," म्हणतात.

मी रोज पोस्टमनची वाट बघतो. आज त्याने विचारलं, "नोकरीचं पत्र यायचंय का?"

पावशेर


१० मार्च

दादा,

तुझं कार्ड काल दुपारी आलं.

मी दुकानात होतो. शंभर किलोचा काटा उघडून बसलो होतो, हात ग्रीसने माखलेले. पोस्टमनने दारातूनच ओरडून सांगितलं, "आलं हो!" मी कार्ड घेतलं. पत्ता तुझ्या अक्षरात. तोच 'र', ज्याला तू उगाच शेपटी काढतोस. उलटं केलं, तर नमस्कार नाही, सही नाही, माफी नाही, शिवी नाही. मधोमध एक आकडा.

आमच्या हिने खांद्यावरून बघितलं. "हे काय? फोन नंबर अर्धाच लिहिलाय का?"

मी वहिनींना फोन लावला आणि त्या एका दमात सगळं सांगत सुटल्या. तू गेल्या गुरुवारी स्वतःहून जाऊन तपासणी करून आलास. तासाला किती वेळा श्वास अडकतो तो आकडा रिपोर्टात बघून भूल देणाऱ्या डॉक्टरांनी म्हटलं, बरं झालं आत्ता आणलात, आधी यंत्र, मग गुडघा. तारीख महिनाभर पुढे गेली. परवा रात्री तू पहिल्यांदा मुखवटा लावलास, वहिनी आत येऊन झोपल्या, आणि त्याही शांततेला घाबरून दोनदा उठल्या. आणि काल सकाळी तू चहा पिता पिता त्यांना म्हणालास, "आज जग फार मोठ्याने चाललंय." खरं आहे, दादा. मलाही तसंच वाटलं होतं. सगळे आवाज कोणीतरी नव्याने आणून ठेवल्यासारखे वाटतात. पहिल्या दिवशी मी चमचा बशीवर ठेवल्याचा आवाज ऐकून थांबलो होतो.

मी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाला?" वहिनी म्हणाल्या, "नाही. कार्ड लिहिताना मी म्हटलं, अहो, निदान दोन ओळी लिहा. तर म्हणाले, त्याला कळेल. माझं काम ठेवायचं आणि बोलायचं. वाचायचं काम त्याचं आहे."

नऊ वर्षांनी, सगळं माहीत झाल्यावर, तू वाकून वजन ठेवलंस आणि वाचायच्या जागी पुन्हा मलाच उभं केलंस.

म्हणून मी घाई केली नाही. हात साबणाने धुतले. चष्मा पुसला. रात्री नीट झोपलो, मुखवटा लावून, पूर्ण सात तास. सकाळी उठून तोंड धुतलं, खिडकीपाशी उजेडात गेलो आणि कार्ड डोळ्यांसमोर धरलं. टक्क जागा होतो. पहिला आकडा पाच. दुसरा आठ. पुन्हा एकदा पाहिलं. तेवढेच.

वही उघडली, आजची तारीख घातली आणि लिहिलं. रेघ घसरली नाही.

अठ्ठावन्न, घेतले.